डाग काही निघाला नाही

गेल्या महिन्यात आई सांगलीहून आली होती, आठ दिवसांसाठी. ती आली की पहिल्या दोन दिवसांत माझं घर घासूनपुसून निघतं हे ठरलेलंच आहे, मी आता काही बोलत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आले, चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले, आणि दोरीवर तिच्या दोन परकरांच्या मधोमध चिमट्यात अडकवलेली माझी चेकुट्टी दिसली, डोकं खाली, पाय वर. बोटाएवढी कापडाची बाहुली आहे ती, २०१८ पासून माझ्या पर्सच्या चेनला असते. सकाळी मी घाईत दुसरी पर्स घेऊन गेले होते, आईने ती काढून साबणाच्या वडीने घासून, वर नीळ घालून वाळत टाकली होती. आतून म्हणाली, "किती मळवली होतीस गं, लक्ष असतं का तुझं? आणि तो पिवळा डाग काही निघाला नाही बघ, दोनदा घासला." आणि मी, काहीही विचार न करता, वसकन म्हणाले, "अगं तो काढायचा नसतो! तो डाग म्हणजेच ती आहे!"

आई गप्प झाली. मग तिने कुकर लावला.

चिमटा काढून बाहुली हातात घेतली तेव्हा कळलं की पेनाने काढलेले दोन डोळे, टिकली, तोंडाची रेघ, सगळं धुऊन गेलंय. गळ्याशी बांधलेला दोराही सैल झाला होता, डोकं एका बाजूला कललेलं. चेहरा गेला होता आणि डाग होता तिथेच होता. मी तिथेच उभी राहिले बराच वेळ. बाहुलीचं वाईट वाटलं म्हणून नाही. हेच वाक्य, म्हणजे डागाबद्दलचं हे शहाणपण, मी आईला आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकवलं होतं आणि पहिल्या वेळी काय झालं होतं ते मला लख्ख आठवलं.

पण आधी चेकुट्टीचं सांगते. २०१८ चा केरळचा पूर आठवत असेल सगळ्यांना. एर्नाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम नावाचं विणकरांचं गाव आहे, तिथे घराघरात हातमाग, आणि ऑगस्ट म्हणजे त्यांचा ओणमचा सीझन, वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या सीझनमध्ये होतो. त्या वर्षी ओणम होता २५ ऑगस्टला आणि पूर आला त्याच्या दहाएक दिवस आधी. साड्या, सेट-मुंडू म्हणजे तिकडची दोन तुकड्यांची साडी, सगळं विणून, घड्या घालून तयार होतं. पेरियारचं पाणी आत शिरलं, मागही बुडाले आणि मालही. पांढऱ्या सायीच्या रंगाचं कापड ते, त्याला बारीक काठ, त्यावर गाळ बसला की संपलंच. किती धुतलं तरी चहा सांडल्यासारखा डाग राहतोच आणि डाग पडलेली ओणमची साडी कोण घेणार? जाळून टाकायचं म्हणत होते म्हणे तो माल. तेव्हा लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारायिल या दोघांनी ती कापडं मागून घेतली. क्लोरीनमध्ये भिजवून, उकळून ती स्वच्छ केली, आणि त्याच्या बाहुल्या बांधायच्या असं ठरलं. चेरू म्हणजे चिखल, कुट्टी म्हणजे पोर. चिखलाचं पोर. एका साडीच्या ३६० बाहुल्या होतात, एक बाहुली २५ रुपयांना, म्हणजे जी साडी हजार-पंधराशेला गेली असती आणि आता फुकटही कोणी नेणार नव्हतं तिचे नऊ हजार झाले, आणि ते पैसे विणकरांकडे गेले. माग दुरुस्त व्हायला लागले. बाहुल्या बांधायला मात्र एवढे हात कुठून आणायचे, म्हणून देशभरातल्या शाळा, कॉलेजं, ऑफिसं यांना कापड पाठवलं जायचं, लोक बसून बांधायचे.

तसं एक बोचकं आमच्याही ऑफिसात आलं होतं. आमच्या टीममधल्या एका मल्याळी मैत्रिणीने मागवलं होतं, शनिवारी दुपारी आम्ही वीसेक जण मीटिंग रूममध्ये बसलो. बोचकं सोडल्यावर आधी क्लोरीनचा वास आला, स्विमिंग टँकसारखा, आणि त्याच्याखाली अगदी हलका दुसरा वास होता, ओल्या मातीचा म्हणावा तर तसा नाही, बंद पडलेल्या विहिरीसारखा. कापड हाताला इतकं मऊ होतं की एखाद्या बाळाच्या दुपट्याची आठवण यावी. तुकड्याची घडी घालायची, वर अंबाडा बांधायचा, गळ्याशी दोरा आवळायचा, आणि मग पेनाने चेहरा. माझ्या पहिल्या दोन बाहुल्यांचे गळे इतके सैल झाले की मान टाकलेल्या दिसायला लागल्या. तिसरी जमली. आणि हे आज लिहायला मला जड जातंय, पण माझ्यासाठी ठेवायची बाहुली बांधताना मी ढिगातून मुद्दाम सगळ्यात मोठा डाग असलेला तुकडा शोधला होता. कारण फोटोत तो छान दिसणार होता. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी बाहुल्या हातात धरून ग्रुप फोटो काढला. मनापासून बरं वाटत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण पुराचं पाणी घरात शिरणं म्हणजे काय हे त्या खोलीत एका मुलीला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्याच ऑगस्टमध्ये मला ते कळलं.

२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. २००५ ला पाणी आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, त्यामुळे आई म्हणत राहिली की येणार नाही, येणार नाही, आणि एका रात्रीत ते उंबरा ओलांडून आत आलं. शेजारच्या मुलांनी तिला होडीतून काढलं. मी पुण्यात, रस्ते बंद, फोन लागला तर लागला. पहिले पाच-सहा दिवस ती एका शाळेत होती, वर्गात, बाकं एका कडेला लावून सतरंज्या टाकलेल्या, मग मावशीकडे विश्रामबागला गेली. पाणी उतरल्यावर मी पोचले ते १५ ऑगस्टच्या आसपास, त्या वर्षी राखीपौर्णिमाही त्याच दिवशी होती, एवढं आठवतं की एसटी स्टँडच्या बाहेर एक बाई चिखलात टेबल मांडून राख्या विकायला बसली होती.

घरातला गाळ बघितला तेव्हा मला आधी समजलंच नाही की हे काय आहे. मला वाटायचं चिखल म्हणजे रेव, खडे. हा मलमासारखा गुळगुळीत होता, बोटांच्या पेरांत जाऊन बसायचा आणि वाळला की पापडासारखे त्याचे पोपडे उडायचे. भिंतीवर पाण्याची रेघ, देवळीच्या बरोबरीने. कोठीतली ज्वारी फुगून आंबली होती, त्याचा वास आठवडाभर कशानेच गेला नाही. दारासमोर रस्त्यावर गल्लीतल्या प्रत्येक घराचा एकेक ढीग, गाद्या, पुस्तकं, फ्रीज, कपाटाची दारं. जेसीबी येऊन उचलून न्यायचा. आणि त्या दिवसांत सांगलीत माणूस माणसाला भेटला की "कसे आहात" विचारत नव्हता. "तुमच्यात कुठंवर आलतं?" एवढंच. मग समोरचा छातीवर किंवा डोक्याच्या वर आडवा हात धरून दाखवायचा. तेवढ्यात सगळं बोलून व्हायचं.

आईच्या ट्रंकेत खाली आजीची इरकली होती, नऊवारी, काळपट हिरवी, लाल रेशमी पदराची. पदराचा लाल रंग पाण्यात उतरून सगळ्या अंगाला फुटला होता आणि वरून गाळ. आई ती पिळत होती, पुन्हा बादलीत बुडवत होती, पुन्हा पिळत होती, पाणी लालसर मातकट निघत होतं, संपतच नव्हतं. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि म्हणाले, "आई, टाकू नकोस ही. डाग राहू दे. आपण याच्या बाहुल्या करू, केरळात केल्या होत्या ना, मी तुला दाखवली होती बघ. डाग म्हणजेच आठवण असते." अगदी असंच म्हणाले मी. आईने माझ्याकडे बघितलं, ती नजर मी विसरणार नाही. म्हणाली, "माझ्या आईच्या साडीचे तुकडे करू? तुला खेळ सुचायलाय होय?" आणि उठून ती ओली साडी तशीच नेऊन स्वतःच्या हाताने बाहेरच्या ढिगावर टाकून आली. मग आत येऊन भांडी घासायला बसली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्या वेळी मला ती चिडली याचंच वाईट वाटलं होतं. नंतर कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की मी किती मोठी गफलत केली. चेंदमंगलमची ती कापडं विणकरांचा माल होता, कष्टाचा होता, पण विकण्यासाठीच विणलेला. तो जाताना पोट जात होतं, आणि बाहुलीमुळे ते पोट परत उभं राहत होतं. आजीची साडी विकायची नव्हती. ती आईच्या अंगाला लागलेली होती, तिचं बाळंतपण त्या साडीच्या ऊबेत झालेलं. तिचे तुकडे करायचे की नाही हे मी, पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलीने, ठरवायचं नव्हतं. आणि माणूस अजून गाळ उपसतोय तेव्हा त्याला आठवणी जपायला सांगणं हे क्रूर आहे. मला तेव्हा ते कळलं नाही याची मला आजही लाज वाटते.

मदतीचंही तसंच असतं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. शाळेत कपडे, भांडी, धान्य गोळा करत होते आणि बाईंनी सांगितलं की तिथल्या मुलांसाठी खेळणीसुद्धा आणा. माझ्याकडे दोन बाहुल्या होत्या. एक मामाने मुंबईहून आणलेली, झोपवली की डोळे मिटणारी, आणि दुसरी आजीने शिवलेली चिंध्यांची, एक हात उसवलेला. मी चिंध्यांची दिली. बाईंनी माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं. रात्री झोप आली नाही. आपण नको असलेली वस्तू दिली म्हणून तेव्हा टोचत होतं. आता चाळिशीत वाटतं की उलटंच झालं असेल, खरी बाहुली तीच होती, आजीच्या हाताची, आणि ती कुणा पोरीला मिळाली असेल तर बरंच आहे. पण मी काही ते ओळखून दिली नव्हती. २०१९ ला त्याच आमच्या सांगलीत ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, त्यात फाटके, बटणं तुटलेले, एकेकटे मोजे, लग्नातले कोट. शाळेच्या व्हरांड्यात त्याचे डोंगर झाले होते. चांगलंही पुष्कळ आलं, लोकांनी जीव तोडून मदत केली, ते नाकारायचं नाहीये. पण त्या ढिगाकडे बघून मला माझी एक हात उसवलेली बाहुली आठवत राहिली.

आणि रांगा. आईच्या तोंडून त्या काळाबद्दल एकच गोष्ट दोन-तीनदा ऐकली आहे, ती म्हणजे रांग. चहाची रांग, औषधाची रांग, नाव लिहायची रांग. जिच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही ती बाई दिवसभर हात पुढे करून उभी. मला पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या त्सुनामिका बाहुल्यांबद्दल कळलं तेव्हा त्यातली ही गोष्ट सगळ्यात आधी भिडली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या किनाऱ्यावरच्या कोळी बायका समुद्राकडे बघायलाही घाबरत होत्या, मासे विकायचा धंदा बसला होता, दिवसभर मदतीची वाट बघत बसायचं. ऑरोव्हिलमधल्या उपासना या संस्थेच्या उमा प्रजापती यांनी त्यांना कपड्यांच्या उद्योगातून उरलेल्या चिंध्या दिल्या आणि बाहुल्या करायला शिकवलं, जेमतेम अंगठ्याएवढ्या. शेकडो बायका शिकल्या, त्यांना कामाचे पैसे मिळायचे. पण बाहुली मात्र विकायची नाही असं ठरलं. ती भेट म्हणूनच द्यायची, ज्याला मिळेल त्याने वाटलं तर देणगी द्यावी. अशा लाखो बाहुल्या जगभर गेल्या. माझ्या एका मैत्रिणीने मला तिथली एक आणून दिली होती, तळहातावर ठेवली तर वजनच लागत नाही. मला नेहमी वाटतं, त्या बायकांना धीर आला असेल तो दोन गोष्टींनी, हाताला काम मिळालं, त्या कामात डोक्यातलं चक्र थोडा वेळ थांबलं, आणि घेणाऱ्याच्या रांगेतून उठून त्या देणाऱ्याच्या जागी बसल्या.

तर त्या संध्याकाळी मी बाल्कनीतून आत आले आणि आईला म्हणाले, "चिडले मी. सॉरी." ती वरण घाटत होती. म्हणाली, "मला काय माहीत गं ते काढायचं नसतं म्हणून. डाग दिसला की हात जातो." मग बराच वेळ काही नाही. कुकरची शिट्टी झाली. आणि मग तिने, डावावरचा हात न थांबवता, जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

"बाहुल्या मी केल्या की. शाळेत होतो तेव्हा."

शाळेत म्हणजे त्या पुराच्या पाच-सहा दिवसांत. तिच्या शेजारच्या सतरंजीवर एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी चार-साडेचार वर्षांची, रात्री दचकून उठायची आणि "पाणी आलं, पाणी आलं" म्हणून रडायची, मग सगळा वर्ग जागा. तिसऱ्या दिवशी आईने व्हरांड्यातल्या ढिगातून एक मोजा काढला, शाळेचा असतो तसला पांढरा, त्यात एका फाटक्या उशीतला कापूस कोंबला, कुणाकडून तरी सुई-दोरा मिळवला, काळ्या दोऱ्याचे डोळे, ब्लाऊजच्या बाहीचा परकर. त्या पोरीने ती घेतली आणि आधी काय केलं, तर वर्गातल्या बाकावर ठेवली. उंच. म्हणाली, हिला पाणी लागायला नको. मग रोज रात्री झोपताना बाहुली बाकावर आणि पोरगी खाली. "रडायची थांबली का?" मी विचारलं. "थांबली कुठली, रडायची की. पण मग उठून आधी बाहुली बघायची आणि परत पडायची." दुसऱ्या दिवशी अजून दोन मुलं आली मागायला, मग बायका जमल्या, एकीने घोडा केला, एकीला होडीच पाहिजे होती म्हणून तिने कोटाच्या खिशाची होडी केली आणि मुलं तिच्यात बाहुल्या बसवून वर्गभर "चला, लवकर चला, धरून बसा" करत फिरायची. आईने चार का पाच बाहुल्या केल्या, तिला नक्की आठवत नाही.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणाले.

"त्या दुसऱ्यांच्या चिंध्यांच्या होत्या गं," ती म्हणाली. "आईच्या साडीच्या नव्हत्या."

मी काही बोलू शकले नाही. जेवणं झाल्यावर मी तिला जपानची गोष्ट सांगितली, मोज्यावरून आठवली म्हणून. २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या हिगाशी-मात्सुशिमा गावात, तात्पुरत्या घरांमध्ये राहणाऱ्या बायकांनी मोज्यांची माकडं शिवायला घेतली, ओनो-कुन म्हणतात त्यांना. जो ते माकड घेऊन जातो त्याला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पालक म्हणतात, दत्तक घेतल्यासारखं. आणि मग लोक कधीतरी त्या माकडाला घेऊन परत त्या गावात येतात, ज्या बायकांनी शिवलं त्यांना भेटवायला. आईला हे फार आवडलं. "माहेरपणाला आणतात म्हण की," म्हणाली आणि हसली, त्या दिवसातलं पहिलं. माझी लेक म्हणाली, आजी, मग आपण चेकुट्टीला केरळला नेऊया का. आई म्हणाली, नेऊ की, आधी मान तर नीट करू दे तिची.

चष्मा लावून ती दिव्याखाली बसली. सुईत काळा दोरा ओवायला लेकीला सांगितला, तिला आता नाकं दिसत नाही. बाहुलीच्या गळ्याला तिने तीन वेढे दिले, माझ्यासारखे सैल नाहीत, नखाने दाबून बसवलेले. डागावरून एकदा अंगठा फिरवला, साबण लावताना फिरवतात तसा नाही, कापडाचा पोत बघताना फिरवतात तसा. "सूत चांगलं आहे हो," म्हणाली. चेहरा काढू का म्हणून लेक पेन घेऊन बसली होती, तिला म्हणाली, थांब, पुरतं वाळू दे, नाहीतर शाई फुटेल.

मग दोरा दाताने तोडता तोडता, बाहुलीकडेच बघत, मला म्हणाली, "कुठंवर आलतं गं त्यांच्यात?"

"माग बुडाले होते, आई."

ती थोडा वेळ थांबली. खुर्चीत बसल्या बसल्या हात आडवा धरून तिने जमिनीपासून वर नेला, छातीपर्यंत, मग थोडा अजून वर.

"म्हणजे एवढं," ती म्हणाली.